फेरी मिलिसेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाने घटते, मग ग्रहण सहा सेकंद आधी कसे लागते?

प्रश्न : गच्चीवरची शाळा, इंदूर

सर्वांना नमस्कार. मी इंदूरमध्ये अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते आणि शनिवारी संध्याकाळी वर्गातले सात-आठ जण आमच्या गच्चीवर आकाश पाहायला जमतात. मागच्या शनिवारी मी त्यांना एसडीएसएस जे०६५१+२८४४ या जोडताऱ्याची माहिती दिली. मिथुन राशीच्या दिशेला, आपल्यापासून सुमारे तीन हजार प्रकाशवर्षांवर, दोन श्वेत बटू तारे (इंधन संपलेल्या ताऱ्यांचे मागे उरलेले दाट गाभे) एकमेकांभोवती ७६५ सेकंदांत, म्हणजे पावणेतेरा मिनिटांत, एक फेरी पूर्ण करतात. २०११ साली या जोडीचा शोध जाहीर झाला आणि २०१२ साली असे दाखवून देण्यात आले की ही फेरी दर वर्षी सुमारे ०.३१ मिलिसेकंदाने लहान होत आहे, कारण कक्षेतील ऊर्जा गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाशाच्याच ताणण्या-आकसण्याच्या तरंगांच्या, रूपाने बाहेर पडत आहे. त्याला जोडूनच मी हेही सांगितले की शोधानंतर साधारण वर्षभरात या जोडीतील ग्रहणे (एक तारा दुसऱ्याच्या आड जाणे) अपेक्षित वेळेच्या सहा सेकंद आधी लागू लागली होती.

त्यावर बारावीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, फेरी जर वर्षाला ०.३१ मिलिसेकंदानेच कमी होत असेल, तर ग्रहणही तेवढेच आधी लागायला हवे. सहा सेकंद म्हणजे त्याच्या वीस हजार पट होतात." परिणाम साठत जातो, एवढे मी सांगू शकले, पण नेमके वीस हजारच का, हे मला तिथल्या तिथे मांडता आले नाही आणि तिला अर्धवट उत्तर देऊन मोकळे होणे मला योग्य वाटत नाही.

याला लागूनच माझ्या मनात दुसरा प्रश्न आहे. एवढे सगळे जर दुर्बिणीतून, निव्वळ प्रकाशाच्या आधारे कळले असेल, तर अशाच जोड्यांच्या लहरी ऐकण्यासाठी अवकाशात एकमेकांपासून पंचवीस लाख किलोमीटर अंतरावर अवकाशयाने ठेवून लिसा ही वेधशाळा उभारण्यातून नवीन काय हाती लागणार आहे? आणि शेवटी, आमच्याकडे आठ इंची दुर्बीण आणि साधा कॅमेरा आहे. त्यातून मुलांना या विषयाच्या जवळपास नेणारे काही करता येईल का?

उत्तर : कक्षागणित

आपल्या विद्यार्थिनीने काढलेली वीस हजार ही संख्याच तिच्या प्रश्नाचे उत्तर आहे. ती कुठून येते एवढेच पाहायचे आहे.

एका वर्षात सुमारे ३ कोटी १५ लाख ५७ हजार सेकंद असतात. त्यांना ७६५ ने भागले की वर्षभरातल्या फेऱ्या मिळतात, सुमारे ४१,२५०. आता वर्षाच्या आरंभी फेरीला जेवढा वेळ लागत होता तेवढाच वर्षभर लागेल असे धरून कोणी ग्रहणांचे वेळापत्रक तयार केले, तर पहिली फेरी त्या वेळापत्रकाप्रमाणे पूर्ण होईल आणि वर्षाच्या शेवटच्या फेरीला ०.३१ मिलिसेकंद कमी लागेल. मधल्या सगळ्या फेऱ्या शून्यापासून ०.३१ पर्यंत क्रमाक्रमाने लहान होत गेलेल्या असतील. म्हणजे सरासरीने प्रत्येक फेरी ०.१५५ मिलिसेकंदाने लहान ठरली. परंतु प्रत्येक फेरी मागची संपल्यावरच सुरू होते, त्यामुळे मागच्या फेरीने वाचवलेला वेळ पुढच्या फेरीच्या खात्यात जमा होतो आणि वर्षअखेरीस ४१,२५० फेऱ्यांची बचत एकत्र हातात येते: ४१,२५० गुणिले ०.१५५ मिलिसेकंद, म्हणजे ६.४ सेकंद. वीस हजार पट म्हणजे वर्षातल्या फेऱ्यांच्या संख्येची निम्मी, आणि हे 'निम्मे' सरासरीतून आले आहे. मुक्तपणे खाली पडणाऱ्या वस्तूच्या सूत्रात जो एकद्वितीयांश असतो तोच हा एकद्वितीयांश, हे बारावीच्या मुलांना लगेच पटेल. तिथे वेग समान दराने वाढतो, इथे फेरीचा काळ समान दराने घटतो.

पडणाऱ्या वस्तूचे सूत्र एकदा ओळखले की पुढची गंमत आपोआप दिसते. हा फरक काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पहिल्या वर्षी ६.४ सेकंद, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सुमारे २६, पाच वर्षांनी १६० आणि दहा वर्षांनी ६४० सेकंद, म्हणजे दहा मिनिटांहून अधिक. अकराव्या वर्षाच्या आसपास ही जोडी जुन्या वेळापत्रकाच्या एक संपूर्ण फेरी पुढे गेलेली असते. म्हणून या ताऱ्यांच्या निरीक्षणात मोठा खंड पडू देत नाहीत; मधली दहा-बारा वर्षे कोणीच पाहिले नाही, तर आपण कितव्या फेरीचे ग्रहण मोजत आहोत याचाच हिशेब चुकण्याची भीती असते.

भूतप तारकासमूहातील झेडटीएफ जे१५३९+५०२७ या जोडीसाठी हेच गणित मुलांकडून करून घ्यावे. तिची फेरी अवघ्या ६.९१ मिनिटांची आहे आणि ती दर वर्षी सुमारे ०.७५ मिलिसेकंदाने घटते. उत्तर सुमारे २८ सेकंद यायला हवे.

एक गोष्ट मात्र मुलांना आवर्जून सांगावी, कारण माझ्या मते या सगळ्या मोजमापाचा कस तिथेच लागतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे ताऱ्याचा प्रकाश वर्षातल्या काही महिन्यांत आपल्यापर्यंत लवकर पोहोचतो आणि काही महिन्यांत उशिरा. पृथ्वी ते सूर्य हे अंतर तोडायला प्रकाशाला ४९९ सेकंद लागतात. मिथुनातली ही जोडी क्रांतिवृत्तापासून, म्हणजे आकाशातील सूर्याच्या वार्षिक मार्गापासून, जेमतेम सहा अंशांवर आहे, म्हणून तिच्या बाबतीत हा फरक जवळजवळ पूर्ण भरतो, अधिक आठ मिनिटांपासून उणे आठ मिनिटांपर्यंत. म्हणजे जो सहा सेकंदांचा फरक शोधायचा आहे, त्याच्यावर पृथ्वीच्या फिरण्याची सोळा मिनिटांची भरती-ओहोटी चढलेली असते, आणि ती त्या जोडीच्या एका फेरीपेक्षाही मोठी आहे. त्यामुळे ग्रहणाची प्रत्येक वेळ आधी सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रावर नेऊन ठेवतात आणि मगच तुलना करतात. १६७६ मध्ये रोमर यांनी गुरूच्या आयो या उपग्रहाची ग्रहणे कधी लवकर तर कधी उशिरा लागतात हे पाहून प्रकाशाला वेग असल्याचे ओळखले, ते याच फरकाच्या आधारे. तेव्हा जो फरक म्हणजेच शोध होता, तो आज हिशेबातून वजा करायचा असतो.

प्रश्नकर्ती : गच्चीवरची शाळा, इंदूर

आपले मनापासून आभार. काल वर्गात फळ्यावर हा हिशेब त्याच मुलीने मांडला आणि ४१,२५० ची निम्मी संख्या समोर आल्यावर तिने स्वतःच खडू खाली ठेवला. झेडटीएफच्या जोडीचे उत्तर मुलांनी २८.५ सेकंद काढले आहे. आता माझा दुसरा प्रश्न अधिकच टोकदार झाला आहे असे वाटते: प्रकाश जर इतके अचूक सांगतो, तर लहरींची गरज कुठे उरते?

उत्तर : मिलिहर्ट्झ

मॅडम, मी मूळचा इंदूरचाच असून सध्या गुरुत्वीय लहरींच्या विदेवर (डेटावर) संशोधन करतो. आपला दुसरा प्रश्न माझ्या रोजच्या कामाशी जोडलेला असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

प्रकाशाने आपल्याला फेरी किती वेगाने घटते हे सांगितले. ती का घटते हे मात्र आपण गृहीत धरले आहे. या दोन ताऱ्यांमधले अंतर सुमारे एक लाख चौदा हजार किलोमीटर आहे, म्हणजे पृथ्वी आणि चंद्र यांच्यातील अंतराच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. इतक्या जवळ आलेले तारे एकमेकांना ताणतात. जोडीतला हलका तारा, ज्याचे वस्तुमान सूर्याच्या पाव पटीएवढे आहे, आकाराने मोठा आहे (श्वेत बटूंच्या जगात वस्तुमान कमी असले की आकार वाढतो, हे मुलांना नवल वाटण्यासारखे आहे). तो या ओढीने लांबट झाला आहे आणि त्याचा लांबट आकार प्रकाशाच्या चढउतारात स्पष्ट दिसतो. भरती-ओहोटीच्या या बलांमुळे तारे तापतात, त्यांच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याला गती मिळते, आणि त्यासाठी लागणारी ऊर्जाही त्याच कक्षेतून जाते. म्हणजे फेरी घटण्याची कारणे दोन आहेत: बहुतांश गुरुत्वीय लहरी आणि काही टक्के ही ओढ. घड्याळ कितीही अचूक असले तरी ते दोन्हींची बेरीजच दाखवते.

लहरी थेट मोजता आल्या की ही बेरीज फोडता येते. लहरींचा कंपविस्तार दोन गोष्टींवर ठरतो, जोडीतल्या वस्तुमानांचे एक विशिष्ट संयुग आणि आपल्यापासूनचे अंतर. अंतर जर गाया उपग्रहाने लंबनावरून (पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्याची जागा किंचित सरकलेली दिसते त्यावरून) स्वतंत्रपणे मोजलेले असेल, तर कंपविस्तारावरून वस्तुमानांचे ते संयुग मिळते. त्यावरून निव्वळ लहरींमुळे फेरी किती वेगाने घटायला हवी हे काढता येते. आणि प्रकाशाने मोजलेल्या घटीतून ते वजा केले की उरते ती ताऱ्यांच्या अंतरंगाची हकिकत, म्हणजे हे तारे ताणले जाताना किती ऊर्जा गिळतात ती. श्वेत बटूच्या आत डोकावण्याचा याहून सरळ मार्ग मला ठाऊक नाही. हेच उलट दिशेनेही करता येते: ताऱ्यांची ओढ नगण्य असेल तर घटीवरून वस्तुमाने आणि कंपविस्तारावरून अंतर मिळते, आणि त्या अंतराला मधल्या धुळीची बाधा होत नाही.

धुळीचा मुद्दा लहान नाही. आकाशगंगेच्या प्रतलात, विशेषतः केंद्राच्या दिशेला, धुळीमुळे दूरचे मंद तारे दिसेनासे होतात. श्वेत बटू मुळातच मंद; मिथुनातली ही जोडी तीन हजार प्रकाशवर्षांवर असूनही १९व्या प्रतीची आहे (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद). लहरींना धूळ अडवत नाही. शिवाय प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाने घटते आणि लहरींचा कंपविस्तार फक्त अंतराच्या पहिल्या घाताने, त्यामुळे आकाशगंगेच्या पलीकडच्या कडेच्या जोड्याही लिसाला ऐकू येतील.

आता मला स्वतःला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. ग्रहण दिसण्यासाठी कक्षा आपल्याला जवळजवळ कडेने दिसावी लागते, ताट डोळ्यांच्या पातळीला धरावे तशी. परंतु कडेने दिसणाऱ्या जोडीच्या लहरींचा एकूण जोर, तीच जोडी ताट वरून पाहावे तशी दिसली असती तर जितका पोहोचला असता, त्याच्या साधारण एकतृतीयांशच आपल्यापर्यंत येतो. आणि वरून दिसणाऱ्या जोडीला ना ग्रहण असते, ना तिच्या वर्णपटातील रेषा पुढे-मागे सरकतात. दुर्बिणीला ती एक साधा निळसर ठिपका वाटते. म्हणजे प्रकाशाला जी जोडी सर्वांत सोपी ती लहरींना तुलनेने मंद, आणि लहरींना जी सर्वांत ठळक ती प्रकाशाला मुकी. दोन्ही साधने एकाच कामाची नक्कल करत नाहीत, हे यावरून मुलांना दाखवता येईल.

वारंवारतेबद्दलही सांगायला हवे. जोडीने अर्धी फेरी पूर्ण केली की दोन्ही ताऱ्यांनी जागा बदललेल्या असतात आणि वस्तुमानाची मांडणी पुन्हा जवळजवळ पहिल्यासारखी होते, म्हणून एका फेरीत लहरीची दोन आवर्तने होतात. ७६५ सेकंदांच्या फेरीतून दर ३८२ सेकंदांनी एक, म्हणजे सुमारे २.६ मिलिहर्ट्झची लहर निघते. सर्वांत कमी फेरी असलेली ज्ञात जोडी कर्क राशीतील एचएम कॅन्क्री. तिची फेरी ३२१ सेकंदांची आणि लहर ६.२ मिलिहर्ट्झची. जमिनीवरचे शोधक साधारण दहा हर्ट्झच्या वरचे ऐकतात. जमीन स्वतःच हळूहळू डोलत असते, त्यामुळे त्याखालचे काही इथून ऐकू येणे शक्य नाही. मुले कॅट रोडवरून जातात तेव्हा त्यांना हे जरूर सांगावे की राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, ज्याला आपण सगळे अजून कॅटच म्हणतो, ते लायगो-इंडियाच्या उभारणीत भाग घेणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी एक आहे. चार किलोमीटर लांबीच्या भुजांचा तो शोधक हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभा राहायचा आहे आणि केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याला मंजुरी दिली. पण तोही कृष्णविवरे आणि न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन होतानाच्या शेवटच्या क्षणांसाठी आहे. श्वेत बटूंच्या या संथ जोड्या त्याच्या आवाक्याच्या खाली राहतात.

म्हणून लिसा. तीन याने, प्रत्येक दोहोंत पंचवीस लाख किलोमीटर, आणि हा सगळा त्रिकोण पृथ्वीच्या मागोमाग सुमारे पाच कोटी किलोमीटरवरून सूर्याभोवती फिरणारा. युरोपीय अवकाश संस्थेने २०२४ च्या जानेवारीत या मोहिमेला अंतिम मान्यता दिली असून प्रक्षेपण २०३५ मध्ये करायचे ठरले आहे. एखाद्या जवळच्या जोडीच्या लहरीने ही लांबी दहाच्या उणे बाविसाव्या घाताच्या प्रमाणात बदलते. पंचवीस लाख किलोमीटरला हे लावून पाहिले तर बदल अणूच्या व्यासाच्या शेकडोव्या भागाएवढा येतो. एका आवर्तनात हे कळणार नाही. परंतु ही लहर वर्षानुवर्षे, जवळजवळ त्याच सुरात चालू राहते, म्हणून लक्षावधी आवर्तने एकमेकांवर ठेवून ती गोंगाटातून वर काढता येते.

आणि गोंगाटही याच ताऱ्यांचा असेल. आपल्या आकाशगंगेत अशा जोड्या लक्षावधी आहेत. रात्री अकरा वाजता इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊबाजाराच्या तोंडाशी उभे राहिले की आधी एकच गुणगुण ऐकू येते, आणि आत शिरल्यावर जवळच्या गाड्यांवरचे आवाज वेगळे ओळखू येतात, तशी लिसाची स्थिती होणार आहे. दहा हजारांहून अधिक जोड्या सुट्या ओळखता येतील आणि उरलेल्यांची, मुख्यतः तीन मिलिहर्ट्झच्या खालची, एक अखंड गुणगुण राहील. ज्यांची फेरी आणि आकाशातील जागा प्रकाशाने आधीच पक्की केली आहे, अशा जोड्या तिथे आधाराच्या खुणा ठरतील: त्या अमुक सुरात, अमुक दिशेने ऐकू आल्याच पाहिजेत. आल्या नाहीत, तर दोष यंत्रात शोधावा लागेल.

प्रश्न : अकरावीचा पालक, इंदूर

मध्येच विचारतो, क्षमा असावी. असे दोन तारे शेवटी एकमेकांवर आदळले की त्यांचा स्फोट होऊन अतिनवतारा होतो असे माझ्या मुलाने वाचले आहे. मिथुनातल्या जोडीचे असेच होणार आहे का?

उत्तर : मिलिहर्ट्झ

दादा, होण्याची शक्यता फार कमी आहे. मिथुनातल्या जोडीची वस्तुमाने ०.२६ आणि ०.५० सूर्य, बेरीज ०.७६, आणि चंद्रशेखर मर्यादा, म्हणजे ज्याहून जड श्वेत बटू टिकत नाही ते वस्तुमान, सुमारे १.४ सूर्याची आहे. झेडटीएफच्या जोडीची बेरीजही ०.८२ च्या आसपासच भरते. अशा हलक्या जोड्या विलीन होऊन एकच तारा होईल, किंवा हलका तारा जड ताऱ्याला हळूहळू हेलियम देत राहील आणि जोडी पुन्हा दूर जाऊ लागेल. यांपैकी काय घडते हे वस्तुमानांच्या गुणोत्तरावर आणि पुन्हा त्याच भरती-ओहोटीच्या बलांवर अवलंबून आहे. मिथुनातल्या जोडीला हे पाहायला अजून सुमारे दहा लाख वर्षे आहेत. मर्यादेच्या वर जाणारी एक जोडी २०२५ मध्ये जाहीर झाली, आपल्यापासून केवळ १६० प्रकाशवर्षांवर आणि एकूण १.५६ सूर्यांच्या वस्तुमानाची. पण तिची फेरी चौदा तासांची आहे, त्यामुळे तिला विलीन व्हायला सुमारे २३ अब्ज वर्षे लागतील.

एचएम कॅन्क्रीबाबत मात्र कुतूहल वाटावे असे बरेच आहे. तिच्यात एका ताऱ्यातून दुसऱ्यावर वस्तुमान वाहत असतानाही फेरी घटतेच आहे, आणि दोन्ही ताऱ्यांची वस्तुमाने निव्वळ प्रकाशावरून खात्रीने काढणे फार कठीण जाते. तिच्या लहरींचा कंपविस्तार मोजला जाईल तेव्हा तो प्रश्न बऱ्याच अंशी सुटेल.

उत्तर : जुनी दुर्बीण

ताई, आपल्या तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो. मी इंदूरमध्ये गेली बावीस वर्षे आठ इंचीच दुर्बीण वापरतो आहे.

१९व्या प्रतीची जोडी आपल्या दुर्बिणीतून मिळणार नाही. तिची आशा मुलांना लावू नये. मिथुन राशी इंदूरच्या डोक्यावरून जाते आणि ती जोडी मध्यान्हवृत्त ओलांडताना खमध्यापासून, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून, फक्त सहा अंश उत्तरेला असते, तेव्हा "ती इथे आहे" असे बोट दाखवून सांगता येते, आणि माझ्या अनुभवाने तेवढ्यानेही मुले बराच वेळ वर पाहत राहतात. प्रत्यक्ष श्वेत बटू दाखवायचा असेल, तर हिवाळ्यात यमुना तारकासमूहातला ४० एरिडानी बी हा तारा घ्यावा. १६ प्रकाशवर्षांवर, साडेनवव्या प्रतीचा, आणि त्याचा मुख्य तारा त्याच्यापासून दीड कलेच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आत पण पुरेसा दूर आहे, त्यामुळे व्याधाच्या श्वेत बटू सोबत्यासारखा तो झगमगाटात हरवत नाही. शहरातूनही दिसतो. पृथ्वीएवढ्या आकाराची ही वस्तू आहे आणि तिचे वस्तुमान सूर्याच्या निम्म्याहून अधिक आहे, एवढे सांगून मुलांना नेत्रिकेपाशी सोडावे.

मोजण्यासाठी मात्र माझी शिफारस कन्या राशीतील एचडब्ल्यू व्हर्जिनिस. ही दोन श्वेत बटूंची जोडी नाही. एक तप्त उपबटू, जो पुढे श्वेत बटू होणार आहे, आणि एक लहान लाल तारा अशी ती आहे. पण फेरी दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटांची, प्रत साडेदहा, आणि मुख्य ग्रहणात दीप्ती इतकी उतरते की साध्या कॅमेऱ्याच्या चित्रांच्या मालिकेतही खड्डा स्वच्छ दिसतो. एका रात्रीत दोन, कधी तीन ग्रहणे मिळतात. तिच्या ग्रहणांच्या वेळाही गेल्या काही दशकांत एका चालीने पडलेल्या नाहीत आणि त्यामागचे कारण अजून वादाचे आहे, म्हणजे मुले ज्या आलेखात आपला बिंदू टाकतील तो आलेख जिवंत आहे.

येथे मला माझी एक चूक सांगणे आवश्यक वाटते, कारण ती टाळता येण्यासारखी होती आणि तिच्यामुळे माझी एक संपूर्ण मोसमाची निरीक्षणे वाया गेली. मी महूच्या पुढे, जानापावच्या बाजूला दुर्बीण नेऊन सलग अकरा रात्री या ताऱ्याची चित्रे घेतली. ग्रहणाचा मध्य प्रत्येक वेळी ४०-५० सेकंद उशिरा येत होता आणि हा फरक रात्रीगणिक थोडा वाढत होता. मी तो फरक ताऱ्याचा समजलो आणि आमच्या मंडळात आलेख मांडूनही दाखवला. एका तरुण सभासदाने शांतपणे विचारले की चित्रांवर वेळ कोणत्या घड्याळाची आहे. ती लॅपटॉपची होती, आणि तिथे इंटरनेट पोहोचत नसल्यामुळे लॅपटॉपचे घड्याळ रोज काही सेकंद भरकटत होते. चित्रे निर्दोष होती आणि वेळ चुकीची. कोणत्या रात्री घड्याळ नेमके किती चुकले होते हे नोंदलेले नसल्यामुळे ती दुरुस्तही करता आली नाहीत.

म्हणून ताई, दुर्बीण लावण्याआधी घड्याळ लावावे. निरीक्षणाच्या आरंभी आणि शेवटी लॅपटॉपची वेळ जीपीएसच्या किंवा इंटरनेटच्या प्रमाणवेळेशी ताडून दोन्ही फरक वहीत लिहावेत. चित्राला वीस सेकंदांचा अवधी दिला असेल, तर नोंद त्या अवधीच्या मध्याची करावी, कारण बरेच कॅमेरे आरंभाची वेळ टाकतात आणि तिथे दहा सेकंद निघून जातात. भारतीय प्रमाणवेळेतून साडेपाच तास वजा करून सर्व नोंदी जागतिक वेळेत ठेवाव्यात, मध्यरात्री तारीख बदलण्याचा घोटाळाही त्याने टळतो. आणि वर कक्षागणित यांनी सांगितलेली आठ मिनिटांची दुरुस्ती मुलांनी निदान एकदा हाताने करावी. ती संगणकाकडून करून घेण्यात काही चूक नाही, पण पृथ्वी कोणत्या बाजूला आहे हे कागदावर काढल्याशिवाय चिन्ह अधिक की उणे हे नीट समजत नाही.

प्रश्नकर्ती : गच्चीवरची शाळा, इंदूर

काका, आपली सूचना आम्ही जशीच्या तशी पाळणार आहोत. एचडब्ल्यू व्हर्जिनिस मार्चच्या अखेरीस रात्रभर आकाशात असेल, म्हणून चैत्रातला पहिला निरभ्र शनिवार ठरवला आहे. मिलिहर्ट्झ, आपले ताटाचे उदाहरण मी वर्गात स्टीलच्या ताटलीवर दोन लिंबे ठेवून दाखवले. ताटली डोळ्यांच्या पातळीला आणल्यावर एक लिंबू दुसऱ्यामागे गेले आणि ती वर उचलून तिरकी केल्यावर दोन्ही सुटी दिसली, तेव्हा मागच्या बाकावरून "मग आपल्याला दिसतात त्याच्या कितीतरी पट जोड्या असणार" असे कोणीतरी आपणहून म्हणाले.

लॅपटॉपचे घड्याळ काल रात्री त्या मुलीने मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहिले. ते अकरा सेकंद मागे आहे. आज रात्री ती पुन्हा पाहणार आहे.